बोटीवरचा भंडारा

सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, जिथं बेडकांनासुद्धा पोहायला शिकवावं लागतं, त्या गावचा मी. अशा कोरड्या मुलखानं नौदलाला एक अधिकारी दिला, आणि याचं श्रेय मी कुणाबरोबर वाटून घेत नाही. सगळं स्वतःकडंच ठेवतो.

खरं तर थोडं आमच्या विहिरीला द्यायला हवं. गावात बारमाही पाणी असलेली ती एकच. तिच्या काठावरून आम्ही मुटका मारायचो, म्हणजे गुडघे छातीशी घेऊन, हातांनी कवटाळून, धोंड्यासारखं पाण्यावर पडायचं. माझा मुटका तासगावात ऐकू जायचा. तिथं शेडवर बेदाणा वाळवणाऱ्या बायका आभाळ गडगडलं म्हणून कागद पसरायला धावायच्या. खोटं वाटत असेल तर तासगावला जाऊन विचारा. त्या बायका आता तिथं नसतील, पण शेड आहेत.

पुढं अकादमीत उंच फळीवरून तलावात उडी मारायची परीक्षा आली, तेव्हा मोठमोठ्या शहरांतली, तरणतलावात वाढलेली पोरं फळीवर उभी राहून देवाचं नाव घेत होती. मी तिथून मुटका मारला. परीक्षक काठावर बसला होता. त्याला कपडे बदलायला जावं लागलं आणि परीक्षा तासभर थांबली. पास केलं मला, पण पुन्हा अशी उडी मारायची नाही या अटीवर.

आता मी निवृत्त आहे. कमांडर होऊन उतरलो, विश्रामबागेत राहतो, सकाळी फिरायला जातो आणि भेटेल त्याला समुद्र सांगतो. लाटा घराएवढ्या होत्या म्हणून सांगितलं तर लोक विचारतात, कुणाच्या घराएवढ्या? मग मी समोरच्या माणसाची ऐपत बघून घर निवडतो. पण ज्या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे तिच्यात वादळ नाही, तोफ नाही. तिच्यात आमचे आबा आहेत, मूठभर हळद आहे आणि एक फेटा आहे.

आमच्या गावात घरटी एक फौजी. साताऱ्याकडच्या गावांशी आमची याबाबतीत कायमची चुरस. आणि गावचा एक रिवाज आहे. प्रशिक्षण संपवून पोरगा पहिल्यांदा सुट्टीवर आला की तो फाट्यावर एसटीतून उतरतो, तिथं हलगी तयार असते, आणि तो चालत गावच्या कमानीखाली येतो. तिथं त्याचा बाप स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, की ह्यो हातात काय धरतो. कुणाचा बाप सांगतो बंदूक, कुणाचा सांगतो तोफेचा दोर. मग फेटा बांधलेला पोरगा, त्याच्यापुढं बाप आणि मागं सगळं गाव, अशी मिरवणूक बिरोबाच्या देवळाकडं जाते. फेटा बांधला नाही तर? असं कधी झालंच नव्हतं, म्हणून त्याचा नियमच नव्हता. तो नियम माझ्यापासून सुरू झाला.

आबा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर मेंढरांचे सेनापती झाले. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची मेंढरं. आबांनी फौजेतली शिस्त कळपाला लावली होती. आमची मेंढरं तीन-तीनच्या रांगेत चरायची, असं मी बोटीवर सांगायचो. खरं म्हणजे दोन-दोनच्या.

तर मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो. अंगात पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्टी. फाट्यावर उतरलो तेव्हा कंडक्टरनं मला सलाम ठोकला आणि सुट्टे परत द्यायचं विसरला. हलगी वाजायला लागली. कमानीखाली आबा उभे होते, हातात गुलाबी फेटा. शेजारी तात्या, म्हणजे माझे चुलते. तात्यांनी आयुष्यभर फौजेचे ट्रक चालवले, निवृत्तीनंतर तासगावची द्राक्षं चालवली. त्यांच्या वेळी माझ्या आज्यानं कमानीखाली सांगितलं होतं, चाक धरतो. तेव्हापासून तात्यांच्या मते जगात दोनच जातीची माणसं होती, चाक धरणारी आणि मागं बसणारी.

आबांनी हळूच विचारलं, "हातात काय असतंय रं तुज्या?"

मी म्हणालो, "दुर्बीण."

"ती न्हवं. काम करताना."

"तीच, आबा. बोटीच्या डोक्यावर उभं राहायचं आणि समोर बघायचं."

तात्या पुढं सरकले. "आनि बोटीचं चाक?"

ते खलाशाच्या हातात असतं, असं मी खरं खरं सांगितलं. आयुष्यात मी फार वेळा खरं बोललेलो नाही, आणि त्याची कारणं आहेत. तात्या इतके हसले की हलगीवाल्याला वाटलं ताल चुकला.

"म्हंजे ह्यो नुसता बगतो," तात्या म्हणाले. "बगायला काय, आपली मेंढरंबी बगत्यात."

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, फेट्याकडं बघितलं. कमानीखाली जे सांगायचं ते गाव कायमचं लक्षात ठेवतं, हे त्यांना माहीत होतं. जे आपल्याला कळलं नाही ते मोठ्या आवाजात सांगायची आबांना सवय नव्हती. ती सवय घराण्यात मी आणली.

"आदी मला कळू दे," ते म्हणाले. "मग बांदू." आणि त्यांनी फेटा घडी करून काखेत मारला.

मी त्या पांढऱ्या गणवेशात मागच्या बोळानं घरी गेलो. बोळात कुणाची तरी शेळी बांधलेली होती. तिनं माझी टोपी हुंगली आणि तीसुद्धा तोंड फिरवून बसली.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला हेच. फाट्यावर उतरायचं, कमान टाळायची, बोळ धरायचा. आई चिडायची. ती म्हणायची, मी बांधते फेटा. आबा विचारायचे, तुला कळलंय का त्यो काय करतो? आई म्हणायची, मला कळून काय करायचंय, पोरगं माजं हाय. यावर आबा उठून मेंढरांकडं जायचे, पण फेट्याची घडी सुटायची नाही.

आबा रागावले होते असं मात्र समजू नका. मी समुद्रावरून किनाऱ्याला लागलो की त्यांचा फोन यायचा. तब्येत नाही, जेवण नाही, पहिला प्रश्न एकच, "आज हातात काय हुतं?" मी वादळातून आलो होतो, अशा वादळातून की बोटीवरचा स्वयंपाकी भात छताला चिकटलेला काढत होता. बुडत्या मच्छीमारांना आम्ही पाण्यातून वर घेतलं होतं. मी हे सगळं रंगवून सांगायचो, आणि आबा शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणायचे, "ते झालं. पन तुज्या हातात काय हुतं?" एकदा वैतागून मी म्हणालो, चहाचा कप. आबा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. त्या 'बरं'नं मला जितकं हलवलं तितकं अरबी समुद्रानं कधी हलवलं नाही.

मग तो दिवस आला. अधूनमधून बोटीवर घरच्यांना बोलावतात, दिवसभर समुद्रावर फिरवून आणतात, खाऊपिऊ घालतात. मी तेव्हा लेफ्टनंट होतो. आई-आबांना मुंबईला बोलावलं. आबा आले ते इस्त्रीचं धोतर, कोपरी, त्यावर कोट आणि कोटावर सगळी पदकं लावून. आई आली ती एक भलीमोठी पिशवी घेऊन. बोटीच्या शिडीवरच्या पहारेकऱ्यानं पदकं बघून टाच अशी आपटली की बोट किंचित कलली. आबांनी त्याला सलाम परत केला आणि मला म्हणाले, पोरगं चांगलं हाय. म्हणजे तो पहारेकरी.

बोट बंदराबाहेर पडल्यावर मी त्यांना वर नेलं, जिथून बोट चालवतात तिथं. पहारा माझा होता. समोर काचा, पुढं सगळा समुद्र, आणि मध्ये चाकापाशी एक खलाशी. आबांनी चाक बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. एवढ्या लोखंडी गावाचं चाक भाकरीच्या तव्याएवढं. तात्यांच्या ट्रकचं यापेक्षा मोठं होतं.

मी दुर्बीण लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "पोर्ट टेन." म्हणजे डावीकडं, दहा अंश.

खलाशी म्हणाला, "पोर्ट टेन, सर." मग चाक फिरवलं.

आबांनी विचारलं, त्यो तुजंच परत का म्हनतो? मी सांगितलं, हुकूम बरोबर ऐकला हे बोलणाऱ्याला कळावं म्हणून. आधी म्हणायचं, मग करायचं. आबांना हे फार पटलं. घरातबी पायजे हे, असं ते आईकडं बघून म्हणाले. आई म्हणाली, मी म्हनते की, तुमी करत न्हाई. खलाशाला मराठी येत नव्हती, तरी त्याचे खांदे हलले.

पण मूळ गाठ काही सुटली नाही. खाली जाताना आबा थांबून म्हणाले, "तू बोलतोस, त्यो करतो. मग नोकरी त्याची झाली."

मी दुर्बीण परत डोळ्याला लावली. पहाऱ्यावर होतो.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे मी थोडंही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नाही.

बोटीच्या मागच्या बाजूला, हेलिकॉप्टर उतरतं त्या मोकळ्या जागेवर, शामियाना लावला होता. खुर्च्या, समोसे, चहा. शे-दोनशे माणसं. मधोमध आमचे कप्तान, केरळकडचे, अंगावरचा गणवेश इतका पांढरा की त्यांच्याकडं बघायला काळा चष्मा लागायचा. आबा तिथं गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की एवढं मोठं वाहन आणि त्याच्यावर अजून कुणी भंडारा टाकलेला नाही. आमच्याकडं नवी सायकल आणली तरी तिच्यावर बिरोबाचा भंडारा उधळल्याशिवाय तिच्यावर कुणी बसत नाही. ट्रॅक्टरवर उधळतात, पाण्याच्या मोटारीवर उधळतात. आबांनी कोपरीच्या आतून हळदीची पिशवी काढली.

आणि उगाच उधळला नाही हं. जन्मभर माळावर काढलेला माणूस. त्यांनी हाताचं बोट ओलं करून वारा बघितला, वारा डाव्या अंगानं येत होता. मग ते वाऱ्याकडं पाठ करून उजव्या कठड्याशी गेले, म्हणजे भंडारा बोटीच्या कडेला लागावा आणि उरलेला समुद्रात जावा, माणसांवर एक कण येऊ नये. मूठ भरली. बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणून हात वर केला.

वर माझ्या दुर्बिणीत मगापासून एक मच्छीमारांची होडी होती. ती आमच्या वाटेत येणार हे मला बरंच आधी दिसलं होतं. त्यातला एक जण आमच्याकडं पाठ करून जाळं निवडत बसला होता. तिला सोडून मागून जाण्याइतकी जागा मी राखून ठेवली होती, आणि आता वेळ झाली होती. मी म्हणालो, "पोर्ट टेन." खलाशी म्हणाला, "पोर्ट टेन, सर."

बोट वळली. बोट वळली की वारा दुसऱ्या गालावर येतो. आबांच्या हातातून सुटलेला भंडारा समुद्राकडं निघाला, वाटेत थबकला, विचार बदलला आणि सगळाच्या सगळा मागं फिरून कप्तानांवर आला.

टोपीपासून बुटांपर्यंत. मी नंतर बघितलं, भुवयासुद्धा. शेजारी उभे असलेले दोन अधिकारी, समोशाचं ताट आणि कुणाची तरी सासू, सगळे पिवळे. मग ती सासू शिंकली.

आबा जागच्या जागी सावधानमध्ये उभे राहिले. हे मला आईनं सांगितलं, आणि आई माझ्यासारखी नाही, ती आहे तेवढंच सांगते. आबा त्यांच्या फौजी हिंदीत म्हणाले, "साब, हवा देखके डाला था. हवा पलट गया."

कप्तानांनी स्वतःकडं खालून वरपर्यंत बघितलं. मग आबांच्या पदकांकडं. मग त्यांनी आबांना कठड्यापाशी नेलं आणि बोट दाखवलं.

"हवा नहीं पलटी, हवालदारसाहब," ते म्हणाले. "आपके बेटे ने जहाज़ पलटाया."

तिथं शेजारून ती होडी जात होती. जाळं निवडणाऱ्यानं आत्ता कुठं मान वर केली, एवढी थोरली बोट बाजूनं गेलेली बघितली आणि हात हलवला. आणि मागं, पाण्यावर, आमच्या बोटीची फेसाची वाट दिसत होती. लांबून सरळ आलेली, आणि एका जागी अगदी सावकाश डावीकडं वाकलेली. आबा त्या वाकलेल्या वाटेकडं बघत राहिले. कळप वळवल्यावर धुळीत अशीच वाट उमटते. मागं उभं राहून एक हाळी द्यायची आणि पुढचं मेंढरू वळतं, त्याच्यामागं सगळी. हाळी देणाऱ्याच्या हातात तेव्हा काय असतं?

मग आबांनी मागं वळून खुर्च्यांकडं बघितलं. प्रत्येकाच्या हातात चहा होता.

कप्तान तसेच पिवळे वर आले. मला वाटलं संपलं, उद्यापासून तात्यांच्या ट्रकवर क्लीनर. त्यांनी समोर बघितलं, होडी किती मागं पडली ते बघितलं आणि म्हणाले की वळण चांगलं घेतलंस. फक्त पुढच्या वेळी वळण्याआधी मागं कुणाची मूठ भरलेली आहे का, एवढं विचारून घे. बंदराला लागेपर्यंत त्यांनी टोपी झटकली नाही. लावणाऱ्यानं श्रद्धेनं लावलंय, असं म्हणाले. ती टोपी धुवायला दिली तेव्हा धोब्यानं विचारलं, साहेबांचं लग्न झालं का.

मी सुट्टी काढून आई-आबांबरोबरच गावाकडं निघालो. मुंबईपासून पुण्यापर्यंत आबा मागं पडणाऱ्या रस्त्याकडं बघत बसले. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा एक सुट्टीवरचा जवान चढला आणि आबांची पदकं बघून त्यांच्याशेजारी बसला. फौजी माणूस फौजी माणसाला पहिल्यांदा पलटण विचारतो, मग मुलं. मुलगा काय करतो, त्यानं विचारलं. मी मागच्या बाकावर कान टवकारून.

"नेव्हीत हाय," आबा म्हणाले.

"काय काम असतंय?"

आबांनी खिडकीबाहेर बघितलं. "सांगतो," म्हणाले. आणि तो जवान कराडला उतरेपर्यंत काही सांगितलं नाही. मी बोळासाठी मनाची तयारी करायला लागलो. ती शेळी अजून असेल का, असाही विचार आला.

आष्ट्याला चहाला उतरलो. आबांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि अचानक विचारलं, "ती कोळ्याची होडी तुला कवा दिसली?"

"लई आधी."

"लई म्हंजे?"

"तुम्ही भंडारा कोपरीतनं काढायच्या आधी, आबा."

त्यांनी चहा संपवला. बशी पुसली. कपावर ठेवली. सांगलीला गाडी बदलताना मात्र ते लांब जाऊन कुणाला तरी फोन करून आले.

फाट्यावर उतरलो आणि माझे पाय सवयीनं बोळाकडं वळले.

"कुटं चाललास?" आबा म्हणाले.

तेवढ्यात हलगी वाजली. कमानीखाली सगळं गाव होतं. सगळ्यात पुढं तात्या, हाताची घडी घालून, एवढ्या वर्षांत काय नवीन निघालं ते बघायला. आबा फेटा आणायला कुणाला तरी घरी पाठवणार, तेवढ्यात आईनं मुंबईला नेऊन परत आणलेल्या त्या पिशवीतून गुलाबी फेटा काढला. प्रत्येक प्रवासात तो तिच्याबरोबर असायचा, हे मला तेव्हा कळलं. आबांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

आबांनी बांधायला सुरुवात केली. फौजी माणसाचा फेटा, एकेक पदर आवळून. माझे डोळे ओले झाले ते फेट्याच्या आवळण्यानं, असं मी अजूनही सांगतो. शेवटचा पदर खोचून ते गावाकडं वळले.

"ह्येच्या हातात कायबी नसतंय," ते म्हणाले.

तात्यांनी मान डोलावली, हे तर आधीपासूनच ठरलंय अशी.

"ह्यो लांबनं बगतो. लय लांबनं, आपल्याला दिसायच्या आदी. आनि येक सबूद बोलतो. त्या सबदावर आपल्या गावायेवडी बोट वळती, आनि वरच्या शेदोनशे मानसांत कुनाच्या कपातला च्या सांडत न्हाई. मी तितं हुतो. मला वाटलं वारं फिरलं."

तात्यांना राहवलं नाही. "आनि चाक?"

"चाक तुज्यासारक्या भरवशाच्या मानसाकडं देत्यात," आबा म्हणाले, आणि गाव हसलं, तात्यांनासुद्धा हसावं लागलं, कारण भरवशाचा हा शब्द त्यांना आवडला होता.

मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मग आबा, मग फेटा बांधलेला मी, मागं गाव. कमानीतून आत गेलं की वाट फुटते. सरळ गेलं की आमचं घर, डावीकडं बिरोबाचं देऊळ. रिवाजाप्रमाणं बापानं डावीकडं वळायचं आणि सगळ्यांनी त्याच्यामागं. आबा वाट फुटते तिथं आले आणि थांबले. हलगी थांबली. माझ्याकडं पाठ करून, ताठ उभे. मागं माणसं एकमेकांवर आदळायला लागली. काय झालं, काय झालं, असं सुरू झालं.

"बोल," आबा मान न वळवता म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी फेट्याखालून, बोटीवर काढायचो त्याच आवाजात म्हणालो, "पोर्ट टेन."

"पोर्ट टेन, साब," आबा म्हणाले, आणि गाव घेऊन डावीकडं वळले.